प्रज्ञा, तुला टॉवरनं नेलं नाही

प्रज्ञा, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी भांडले. पांढरी साडी नेसून, डोळे पुसत मांडवात शिरले होते आणि बाहेर पडले ती तावातावानं. कार्यक्रम नीट झाला होता. भन्तेजी शांतपणे बोलले, वंदना झाली, तुझ्या फोटोपुढे सगळ्यांनी फुलं वाहिली. मग पंगतीत माझ्या पत्रावळीवर भात वाढता वाढता तुमच्या गल्लीतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "टावरच्या किरणांनी खाल्लं व पोरीले. जे बनवे तेच तिच्या मुळावर आलं." शेजारणीनं मान हलवली. तिच्या पलीकडच्या बाईनंही हलवली. मी पत्रावळ तशीच टाकून उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले की हे साफ खोटं आहे. तिथंच थांबता आलं असतं, पण माझा स्वभाव तुला माहीत आहे.

तुला जाऊन फार दिवस झाले नाहीत आणि इतक्यातच लोकांनी तुला दुसरीच कोणीतरी करून टाकलंय. ऑफिसातल्या शोकसभेत साहेब म्हणाले, प्रज्ञा मॅडमनी कधी आवाज चढवला नाही. मागच्या रांगेतली वर्कशॉपची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. तुझ्या हातून भिरकावलेला पान्हा ज्यांनी स्वतः चुकवलाय त्यांनी काय करावं बिचाऱ्यांनी. कुणी तुला शांत म्हणालं, कुणी सोशिक म्हणालं. सोशिक म्हणे. मी असेपर्यंत तुला कुणी सोशिक करायचं नाही. तू भांडखोर होतीस, हट्टी होतीस, दुसऱ्याच्या डब्यातलं लोणचं न विचारता उचलायचीस, आणि अँटेनाच्या कामात तुझ्यासारखं डोकं मी दुसरं पाहिलं नाही.

हे काम नेमकं काय, ते तुझ्या गावात कुणाला धड ठाऊक नव्हतं. त्यात गावाचा काही दोष नाही. लोकांना टॉवरवर टांगलेलं एक लांबट पांढरं खोकं दिसतं, तेवढंच. त्या खोक्याच्या पोटात काय असतं ते तू एकदा अड्याळला माझ्या माहेरच्या स्वयंपाकघरात बसून माझ्या आईला सांगितलं होतंस. आई तांदूळ निवडत होती. तू म्हणालीस, "मावशी, समजा एका खोलीत तीन जावा आहेत. मोठी धिप्पाड आहे. तिचा आवाज गावाबाहेर वावरापर्यंत जाते, पण ते बोलते कमी. धाकट्या दोघी भराभर बोलतात, खूप बोलतात, पण त्याइचा आवाज आंगणाच्या बाहेर जात नाही. तिघी एकाच वक्ती बोलल्या पाहिजे आन् एकीनं दुसरीच्या बोलण्यात तोंड नाही घातलं पाहिजे. अशी खोली बांधाची. हे माह्यं काम."

आई हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, "हे तं देवालेबी नाही जमलं बाप्पा."

तुला जमत होतं. खालच्या लहरींसाठी धातूच्या लांब फांद्या लागतात आणि वरच्या लहरींसाठी आखूड. खोकं एकच. लांब फांदी आखूड फांदीच्या पुढे येते आणि तिची वाट अडवते. सगळे जण लांब फांदी कोपऱ्यात सरकवायच्या मागे होते. तू तिचे तुकडे केलेस आणि तुकड्यांच्या मधे बारीक वेटोळी बसवलीस. मग ती मोठीला अखंड दिसायची आणि धाकट्यांना दिसायचीच नाही. पहिल्यांदा जमलं त्या दिवशी तू संगणकापुढून उठून कॅन्टीनमध्ये गेलीस आणि कुणाला काही न सांगता एकटीनं दोन प्लेट समोसे खाल्लेस.

आपल्या दोघींचं भांडण त्या खोक्याच्या लांबीवरून. आत काय बसवायचं ते तू ठरवायचीस आणि बाहेरचा सांगाडा माझ्याकडं होता: वजन, वारा, पाणी न शिरणारी झाकणं. तुला खोकं लांब हवं असायचं, कारण लांब खोक्यातून लहर हवी तशी वळवता येते. मला आखूड हवं असायचं, कारण उन्हाळ्यातल्या वावटळीत टॉवरवर चढून ते खोकं धरून बसायला तू येणार नव्हतीस. "तुले फक्त वारा दिसते," तू म्हणायचीस. "आन् तुले फक्त लहरी दिसतात," मी म्हणायचे. नागपूरच्या त्या काचेच्या ऑफिसात सगळे इंग्रजीत भांडायचे आणि आपण आपल्या बोलीत. त्यामुळे अर्धी कंपनी आपल्या मीटिंगला करमणूक म्हणून बसायची. हे भांडण मिटलेलं नाही हे लक्षात ठेव. तू मेलीस म्हणून तुझं सगळं बरोबर होतं असं मी मुळीच म्हणणार नाही.

तुझ्या गावच्या टॉवरची गोष्ट तू मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सांगितली होतीस. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि तुम्हाला वर टेकाडावर नव्या वसाहतीत घरं मिळाली. पुढे वसाहतीच्या कडेला टॉवर उभा राहिला. पण ज्यानं त्यावर अँटेना बसवला त्याच्या नकाशात तुमचं गाव अजून जुन्याच जागी होतं. त्यानं खोक्याचं तोंड पाण्याकडं केलं, तेही लांबवर नजर टाकल्यासारखं. लहर वसाहतीच्या डोक्यावरून निघून जायची आणि थेट पाण्यावर उतरायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मासे धरायला गेलेले डोमाजीकाका नावेत बसून सुरतच्या पोराशी आरामात बोलायचे आणि घरी आले की त्यांचा फोन नुसता घड्याळापुरता. कुणाला फोन लावायचा तर घाटापर्यंत उतरत जायचं. सांगताना तू पोट धरून हसलीस. मग एकदम थांबलीस आणि म्हणालीस, "बुडलेल्या गावाले रेंज आहे वैशे, जित्या गावाले नाही."

म्हणून तू तुझ्या नव्या अँटेनाची पहिली चाचणी त्याच टॉवरवर मागून घेतलीस. त्यात प्रत्येक लहरीचा कल वेगळा ठेवता येत होता. शिवाय टॉवरच्या पायथ्याशी जो कोरडा पट्टा राहतो, जिथं लहर पोचतच नाही, तो भरून काढायची युक्ती तू त्यात केली होतीस. कागदावर ते खोकं सगळ्या देशासाठी होतं. मला माहीत आहे की ते तू तुझ्या मायच्या स्वयंपाकघरात रेंज यावी म्हणून बनवलंस.

आणि पंगतीतल्या त्या बोलण्यानं पाय पसरले. आठ-दहा दिवसांत गावाचं ठरलं की नवा अँटेना टॉवरवर चढू द्यायचा नाही. ज्यानं प्रज्ञाचा जीव घेतला ते आमच्या डोक्यावर नको. साहेबांनी लगेच पडतं घेतलं. म्हणाले, तलावांचा जिल्हा आहे, पाण्याकाठचं दुसरं गाव शोधू. मी म्हणाले, एकीच्या मापानं शिवलेला ब्लाउज दुसरीला कसा होईल? साहेब म्हणाले, वैशाली मॅडम, भावनेच्या भरात जाऊ नका. त्यावर मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. शेवटी त्यांनी मला ग्रामसभेपर्यंत मुदत दिली. गाव हो म्हणालं तर तिथं, नाहीतर अँटेना दुसरीकडं जाणार आणि दुसऱ्या जागेसाठी त्यातली तुझी युक्तीही काढून टाकणार.

गावाला उत्तर देणं सोपं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य तू माझ्या तोंडाला कुलूप लावून बंद करून ठेवलं होतंस.

तू सांगितलंस ती दुपार आठवते. आपण चाचणीच्या खोलीत होतो, फोमच्या निळ्या सुळक्यांनी भिंती मढवलेल्या त्या खोलीत, जिथं बाहेरची लहर आत येत नाही आणि आतली कशावर आपटून परत फिरत नाही. फोन तिथं चालत नाही. बोलणंही तोंडातून निघतं आणि कुठंतरी मुरून जातं. मी अँटेना फिरत्या खांबावर कसत होते.

"वैशे, दार लाव."

"काहून? मोजाले वेळ आहे अजून."

"लाव तं."

मी दार लावलं. तू सुळक्यांच्या मधल्या फळीवर बसलीस, चपला काढून. "गाठ आहे," म्हणालीस. "तपासली. तेच निघालं."

"तेच म्हणजे?"

"आजीले होतं, आत्याले होतं, तेच."

मी पान्हा हातात घेऊन उभी होते. काय बोलले ते आठवत नाही, पण मूर्खासारखंच काहीतरी बोलले असणार, कारण तू हसलीस. मग मी विचारलं, करुणाला सांगितलंस का? तुझी धाकटी बहीण, तिच्याही अंगात तेच रक्त. तू म्हणालीस, माय नाही म्हणते. करुणाचं लग्न जमेपर्यंत घरातल्या रोगाचं नाव काढायचं नाही. आजीच्या वेळी 'दुखणं' म्हटलं, आत्याच्या वेळी 'दुखणं' म्हटलं, आताही दुखणंच.

"आन् तू ऐकून घेतलं? इतकी शिकलेली असून?"

"शिकलेलीलेबी माय असते व."

"पोरीच्या जिवाचा सवाल आहे, प्रज्ञा."

"माहीत आहे मले. पण मायनं तोंड उघडल्याबिगर तू उघडाचं नाही. म्हण, नाही उघडणार."

मी म्हटलं. त्यानंतर नागपूरच्या दवाखान्याच्या प्रत्येक फेरीत, जाताना आणि येताना, मी तुझ्याशी त्याच गोष्टीवरून भांडले. केस गेले तेव्हा भांडले, उलट्या व्हायच्या तेव्हा तुझी पाठ चोळत भांडले. तू कधी पटवून दिलं नाहीस आणि कधी ऐकलंही नाहीस. नुसती म्हणायचीस, "लांबीचं काय ठरलं ते सांग." शेवटी शेवटी तू म्हणालीस, घरी न्या. आम्ही नेलं.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी मी तुझ्या घरी गेले. करुणा शाळेत शिकवायला गेली होती. माय चुलीपाशी लाखोरीची डाळ शिजवत होती. मी सरळ विचारलं, "माय, गावात टावरचं बोलणं चालू आहे. तुम्ही कोणाले काही सांगत काहून नाही?"

माय पळी फिरवत राहिली. मग म्हणाली, "पहिले म्यांच सांगतलं. म्यांच म्हटलं टावरनं नेली म्हणून."

मी पाट ओढून तिच्यासमोर बसले.

"मंग काय सांगू व? आमच्या घरात आहे म्हणून सांगू? आंधळगावचे लोक करुणाले पाहून गेले. पसंत आहे म्हणे. टावरचं नाव घेतलं तं टावरचं काय जाते? त्याले का लग्न कराचं आहे?"

मी म्हणाले की प्रज्ञानं बनवलेला अँटेना तिच्याच गावात लावू देत नाहीत. माय म्हणाली, "एक पोरगी गेली माह्यी. एका डब्यापायी दुसरीचं जमलेलं मोडू?" आणि मला डाळभात वाढला. मी मुकाट जेवले. त्या माउलीचं चुकलं म्हणायची माझी छाती नाही, आणि बरोबर होतं असंही मी म्हणणार नाही. धड तिच्यावर रागावता येईना, धड तुझ्यावर. मग मी दोघींवर रागावले आणि घाटावर जाऊन नवऱ्याला फोन केला की आज मुक्काम इथंच आहे.

ग्रामसभा समाजमंदिराच्या पडवीत भरली. धान कापणीचे दिवस होते, तरी माणसं शेतातल्या बांध्या सोडून आली होती. सरपंचबाईंनी मला आधी बोलू दिलं. मी सगळं सांगितलं. ह्या लहरी रेडिओच्याच जातीच्या आहेत, शरीरात मोडतोड करण्याएवढा जोर त्यांच्यात नसतो. टॉवरवरून किती सोडायचं त्याला सरकारनं हद्द घातली आहे, आणि ते इथं, ह्या पडवीत, तुमच्यासमोर मोजून दाखवायला मी यंत्र आणलं आहे. लोकांनी ऐकून घेतलं. तुझी मैत्रीण म्हणून ऐकून घेतलं, एवढंच.

मग डोमाजीकाका उठले. तुला नावेत बसवून जुनं गाव पाण्याखाली जाताना दाखवणारे तेच काका. खेकसले वगैरे नाहीत. गमछा हातात धरून म्हणाले, "बाई, तू शिकलेली आहे. तू म्हणते तं खरं असन. पण मले एकच सांग. मंग पोरगी कशानं गेली? तीस-पस्तीसची पोरगी, कामाची, हसती खेळती. तेवढं सांग, मी खाली बसतो."

सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. मी मायकडं बघितलं. ती बायकांच्या मधे खाली मान घालून बसली होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. प्रज्ञा, माझ्या आयुष्यात मी इतकी कधी चरफडले नाही. तुझ्या कामाचं बोट धरून लोक तुला टॉवरखाली पुरत होते, आणि मी तुला दिलेल्या शब्दापायी ते बघत होते. तुझा त्या क्षणी मला इतका संताप आला की तू समोर असतीस तर मी पान्हा फेकून मारला असता.

"काका, मी सांगते."

करुणा उठली होती. दाराशी, खांबाला धरून. तिनं मायकडं बघितलं नाही.

"आजीले छातीत गाठ होती. आत्यालेबी होती. आत्या गेली तेव्हा आपलं गाव खाली होतं, आता पाणी आहे तिथं. तेव्हा टावर होता का गावात? कोणत्या टावरनं नेली तिले? ताईलेबी तेच झालं. कॅन्सर झाला. आमच्या घरात आहे ते. मले ताईनं स्वतः सांगतलं, दवाखान्यात, वैशूताई औषध आणाले गेली होती तेव्हा. म्हणे, तू दरसाल तपासत जा आन् कोणाले भेऊ नको."

मग खांब सोडून ती पुढे आली.

"आन् रेंजचं म्हणान, तं तेबी ऐका. ताईले दम लागला तेव्हा घरातून फोन लागत नव्हता. ॲम्बुलन्सले बोलवासाठी मी घाटावर धावत गेली. फोन लागला. वापस आली तं ताई गेली होती. मी तिच्यापाशी नव्हती. घरात रेंज असती तं मी तिच्यापाशी असती. आता तुम्ही म्हणता का तिचाच अँटेना लावाचा नाही. नका लावू. पण तिचं नाव सांगून नका थांबवू."

डोमाजीकाका म्हणाल्याप्रमाणे खाली बसले.

हात वर झाले. सगळे नाहीत. चार-पाच जण पुटपुटत उठून गेले, आणि त्यांचं मन अजून वळलेलं नाही. पण सरपंचबाईंनी मोजले तेव्हा पुरेसे निघाले. मायनं हात वर केला नाही. ती उठली आणि कुणाशी न बोलता घराकडं गेली.

म्हणजे तू करुणाला सांगितलं होतंस. मी रांगेत उभी राहून तुझ्या गोळ्या आणत होते, तेवढ्यात. माझ्याकडून शब्द घेतलास, मला इतके महिने भांडायला लावलंस, आणि माझं म्हणणं गुपचूप मान्य करून मोकळी झालीस. एकदा सांगायचंस तरी की वैशे, तुझं खरं होतं. हे वाक्य तुझ्या तोंडून ऐकायला मी काहीही दिलं असतं. आता तू नाहीस आणि मी समाजमंदिरामागच्या आवळ्याच्या झाडाखाली उभी राहून रडले. बऱ्यापैकी मोठ्यानं. करुणा आली, तिनं मला धरलं आणि म्हणाली, "ताई म्हणे, वैशूले सांगजो नको, डोक्यावर चढून बसन." रडता रडता मला हसू आलं. तुझे उपकार आहेत, हे तुला कधी म्हटलं नाही. आता लिहून म्हणते.

आंधळगावच्या लोकांचा निरोप पुढच्याच आठवड्यात आला. घाई नाही, मग पाहू, म्हणाले. करुणा म्हणाली, "मंग पाहू म्हणतात तं मंग पाहू." आणि वह्या तपासत बसली. मायनं मात्र तिच्याशी बोलणं टाकलं, माझ्याशीही टाकलं. वाढायची, पण बोलायची नाही.

तुझा अँटेना चढला. ऊन छान होतं, वारा बेताचा. दोर लावून माणसांनी तो सावकाश वर घेतला आणि अर्धं गाव माना वर करून बघत होतं. मी खालून ओरडून ओरडून बोल्ट कसायला लावले, तुझ्याच पद्धतीनं, आधी हातानं, मग मापाच्या पान्ह्यानं. मोठीचा कल दूरच्या बांध्यांकडं ठेवला, धाकट्यांचा वसाहतीवर. मग फोन घेऊन गल्लीगल्लीतून चालत गेले. तुझी युक्ती चालली. टॉवरच्या अगदी पायथ्याशी, जिथं काहीच नसायचं, तिथं रेंज होती. तुझ्या अंगणात होती. तुझ्या मायच्या चुलीपाशी मी फोन वर करून बघितला, तिथंही होती. माय भाकर थापत होती. तिनं बघितलं आणि परत भाकरीकडं वळली.

लांबीचं म्हणशील तर ऐक. खोकं अजूनही माझ्या मते वीतभर जास्त लांब आहे. आता थंडी आहे, वारा पडलेला आहे, म्हणून ते गुमान उभं आहे. वैशाखातली वावटळ येऊ दे, मग आपण बोलू. हार मी तेव्हाही मानेन असं धरून चालू नकोस.

ऑफिसात आता साहेब म्हणतात की प्रज्ञा मॅडमचं नाव ह्या अँटेनाला देऊ. मी म्हणाले, नाव नको. पुढच्या आराखड्यात लांब फांदी परत कोपऱ्यात सरकवायचं जे चाललंय ते थांबवा. ते म्हणाले, बघू. मी म्हणाले, मीही बघते. हे भांडण आता माझं एकटीचं आहे आणि तुझ्याशिवाय त्यात मजा नाही. तरी मी ते सोडणार नाही.

गेल्या आठवड्यात करुणाला तपासणीला न्यायचं होतं. मी गाडी घेऊन सकाळी तुझ्या दारात गेले. करुणा तयार होती. आम्ही निघणार तेवढ्यात माय बाहेर आली. इस्तरीची साडी, पायात चपला. दाराला कडी घातली आणि एक शब्द न बोलता मागच्या सीटवर जाऊन बसली. भंडाऱ्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, पोरगी मागे फिरावी म्हणूनच बरोबर आली आहे.

दवाखान्यात बाकांवर बायका बसल्या होत्या, निम्म्यांनी तोंडावर पदर घेतलेला. आमची पाळी आली. टेबलामागच्या सिस्टरनं करुणाचं नाव विचारलं, वय विचारलं. मग मान वर न करता विचारलं, "घरात कोणाला काही होतं का?"

करुणा बोलणार होती. मायनं तिच्या दंडावर हात ठेवून तिला थांबवलं.

"सासूले होतं," माय म्हणाली. "नणदेले होतं."

"काय होतं?"

"कॅन्सर."

तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. हळू नव्हता. बाकांवरच्या बायका वळून बघायला लागल्या. सिस्टरनं आता मान वर केली. "आणखी कोणाला?"

"माह्या मोठ्या पोरीले. प्रज्ञा नाव होतं तिचं. इंजिनियर होती. टावरचे अँटेना बनवे." मग माय त्या बाकांकडं वळली आणि म्हणाली, "तोंड झाकून काहून बसल्या व? तुमच्या पोरींनाबी आणा. माह्यी आली तं उशीर झाला होता."